लिंबूपाणी

फिजिओथेरपीतल्या शॉकवेव्ह मशीनच्या ठोक्यांनी भलेभले कळवळत. ती मात्र चौथ्या खेपेलाही दुखरी टाच मशीनपुढे करून हसत होती. "मुलखाची सोशिक माझी पोर," तिला धावायला शिकवणारे बाबा ज्याला त्याला सांगत. आज फिजिओथेरपिस्टबाईंनी मशीन थांबवलं. "तुला दुखत कसं नाही? पेनकिलर घेतेस? त्यानं उपचारावर पाणी पडतं, टाच बरी होत नाही." "गोळीला हातसुद्धा लावला नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. सरावाला जाताना आणि इथे येताना ती फक्त बाबांनी भरून दिलेलं लिंबूपाणी प्यायची. महिनाभर ते कडवट लागत होतं. "बी चिरडली असेल," बाबा म्हणायचे. ती बाहेर येताच बाबांनी झाकण उघडून बाटली पुढे केली. "संपवून टाक. रविवारी निवड चाचणी आहे." "आधी तुम्ही घोटभर घ्या, बाबा." बाबांनी तिच्याकडे न बघता झाकण पुन्हा घट्ट लावलं.