रापणीच्या आत

नांगराची साखळी अर्धी वर आली होती, तेवढ्यात कोणीतरी नौकेच्या कुशीवर बोटांनी ठोठावलं. टक, टक-टक.

खालच्या खोलीत वर्नेलने श्वास आवरला. तिच्या कानापासून वीतभर अंतरावर, फळीपलीकडे, तिचा बाप होता. मांडीवरच्या दहा महिन्यांच्या जोआने डोळे उघडले. तिने घाईघाईने त्याला छातीशी घेतलं.

"कॅप्टन, नांगर राहू द्या," बापाचा, सिप्रियनचा आवाज आला. "रापणीचं जाळं टाकलंय. तुम्ही आत सापडलात."

वर्नेलने गोल खिडकीच्या कडेतून पाहिलं. आत्ता कुठे उजाडत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावर जाळ्याच्या बुचांची माळ पसरली होती. त्या कड्यात उसळणारे मासे, आणि मधोमध डच जोडप्याची ही शिडाची नौका.

"किती वेळ?" वरून त्या डच कॅप्टनने, योस्टने विचारलं.

"शुक्रवारपर्यंत. मासे जाळ्यातच जिवंत ठेवतो आम्ही, लागतील तसे काढतो. इंजिन मात्र लावू नका, पंख्यानं जाळं फाटेल."

"आम्हाला आज मार्टिनिक बेट गाठायचंय."

"मार्टिनिक कुठं पळून जातंय?" सिप्रियनच्या होडीतला वल्हेकरी बोनिफास म्हणाला. "बसा की निवांत. तीनच तर दिवस."

तीन दिवस. घरी तर दुपारच्या आतच शोधाशोध सुरू होणार होती. आणि तिकडे मार्टिनिकच्या धक्क्यावर लुसियन उभा राहणार होता. आपलं पोर त्याने अजून पाहिलंही नव्हतं. 'तू जा हवं तर. पोर या घरातून हलणार नाही,' बापाने बजावलं होतं. गावातली बस चुलत्याची, होड्या सगळ्या बापाच्या माणसांच्या. म्हणून बाप मासे हेरायला टेकडीवर चढला तशी ती अंधारातच या परक्या नौकेवर येऊन बसली होती.

वर योस्टचे पाय घुटमळले.

सिप्रियन वाट पाहत होता. वाट पाहताना त्याची बोटं कधी स्वस्थ बसत नसत. टक, टक-टक. रोज संध्याकाळी अंगणात लाकडी टब पालथा घालून तो जोआला हसवायला असाच वाजवायचा.

जोआने छाती सोडली आणि तो खळखळून हसला.

बोटं थांबली.

वर्नेलने जोआच्या तोंडावर हात ठेवला, तोवर उशीर झाला होता. फळीवर पाणी आपटत राहिलं.

"आत काय आहे?" बोनिफासने विचारलं.

"मांजर असेल," सिप्रियन म्हणाला.

"मांजर हसतं?"

"डचांचं हसत असेल. तू गप वल्हं धर." मग, "बाहेरच्या बुचांना दगड बांध. जाळं खाली जाऊ दे. यांना काढून देऊ."

"तांडेल, निम्मे मासे जातील. गेल्या साली त्या इंग्रजाला चार दिवस कोंडलंत, तेव्हा नाही दया आली."

"माझ्या वाट्यातले गेले म्हण." मग तो वर तोंड करून म्हणाला, "नांगर हातानं उचला, कॅप्टन. शिडावर निघा. आणि खाडीबाहेर वारा बोचतो. डोकं झाकून ठेवा. कानसुद्धा."

योस्टने आपल्या टकलावरून हात फिरवला.

वर्नेलने जोआचं टोपडं कानांवर ओढलं.

शीड फडफडलं, मग ताणलं. नौका बुचांच्या रांगेकडे सरकू लागली. "नाही जात पुरतं खाली," बोनिफास ओरडला, "अजून हातभर पाहिजे." पाण्यात धप्पकन काहीतरी पडलं. वर्नेलने खिडकीतून पाहिलं. होडीत आता एकटा बोनिफास होता.

जाळ्याचा दोर मिठीत धरून बाप खाली गेला होता. नौका त्याच्या अंगावरून चालली होती. वर्नेलने आपलाही श्वास धरून ठेवला. जोआ फळीकडे टक लावून होता, पुन्हा कोणी ठोठावेल म्हणून.

नौका मोकळ्या पाण्यात आली. मागे दगड सुटले, बुचं एकेक करून वर आली. त्यांच्यामध्ये, बऱ्याच वेळाने, एक पिकल्या केसांचं डोकं वर आलं.

तोंड किनाऱ्याकडे होतं.