नुसत्या केळी

पूर आला की मदतीच्या होड्यांना वाट सापडावी म्हणून वसईतल्या एका शाळेतली आठवीची मुलं आपल्या गावाचा नकाशा करत होती. उपग्रहाच्या फोटोत छप्पर दिसलं की त्याभोवती चौकोन काढायचा. एकाने काढायचा, दुसऱ्याने तपासायचा.

मार्था टीचरांचं घर मात्र सगळ्यांकडूनच राहिलं.

"टीचर, तिथे नुसत्या केळी आहेत," एलिना म्हणाली.

टीचरांना तर स्क्रीनवर लाल कौलं स्वच्छ दिसत होती. नजरचूक असेल म्हणून त्यांनी स्वतःच चौकोन काढला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. तपासताना विघ्नेशने पुसला होता.

"चुकून पडलाय असं वाटलं," तो सरळपणे म्हणाला.

टीचर रागावल्या नाहीत. पण त्या घरात दोन वर्षांपासून त्यांचा नवरा रॉबर्ट अंथरुणाला खिळून होता, आणि होडी येणार ती नकाशा बघूनच.

शनिवारी शाळा सुटल्यावर टीचर एलिना आणि विघ्नेशला घेऊन घरी निघाल्या. वाटभर पोरांची बडबड चालू होती. फाटक उघडून टीचर अंगणात शिरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "या ना आत."

दोघं बाहेरच थांबली होती.

"टीचर कुठे गेल्या?" विघ्नेशने विचारलं.

"आत्ता तर पुढे होत्या."

"एलिना," टीचरांनी हाक मारली.

दोन हात अंतरावर उभी असलेली एलिना त्यांच्याकडेच बघत होती, झाडाकडे बघावं तशी. मग तिने मान खाली घातली आणि मोबाईलवर नोंद केली: तपासलं. घर नाही.