यंदा पाण्याला वास नाही

भर ग्रामसभेत सरपंच पुष्पाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तरी छोटेलालने मान वर केली नाही.

“टाकीखाली तुमचंच घर आहे. यादोभाऊ सकाळी टाकीवर चढताना दिसत होते का नाई, तेवढं सांगा.”

“मी नाई सांगू शकत,” छोटेलाल म्हणाला.

यादोराव समोरच सतरंजीवर बसला होता. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली, असं त्याला वाटलं. बावीस वर्षं तो या गावाचा जलसुरक्षक होता. रोज सकाळी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, वरचं निवळलेलं पाणी घेऊन टाकीची शिडी चढायची, ते आत ओतायचं आणि मगच गावाच्या नळांना पाणी सोडायचं. उतरला की खाली छोटेलाल दात घासत उभा असायचा. दोघं चिचगडच्या शाळेत एका बाकावर बसलेले. “झालं का?” छोटेलाल विचारायचा. “झालं,” यादोराव सांगायचा. वर्षानुवर्षं हे चाललेलं, आणि आज छोटेलालला काही सांगता येत नव्हतं.

गावात हगवण-ओकारीची साथ आली होती. अठ्ठेचाळीस जण दवाखान्यात गेले, सत्तेचाळीस बरे होऊन घरी आले. छोटेलालची आठ वर्षांची नात आचल आली नाही.

मग तालुक्याहून माणसं आली. त्यांनी नालीजवळ फुटलेला पाइप शोधून काढला. पाइप कुठंही फुटतो, ते म्हणाले, पण पाण्यात पावडर असती तर गोष्ट इथवर आली नसती. नळाच्या पाण्यात पावडरीचा अंशही सापडला नाही. पाण्यातली पावडर रोज तपासायचं औषध दोन महिन्यांपासून संपलेलं होतं. मागणी वर गेलेली, आलेलं काही नव्हतं. पंचायतीच्या खोलीतली पावडरीची गोणी तपासली, तर ती अगदी चांगली निघाली. पावडर चांगली आणि पाण्यात तिचा पत्ता नाही, म्हणजे ती टाकीत पडलीच नाही. हिशेब सरळ होता.

एवढ्यात बायकांमधून रुख्मा उठली. पोळ्यापासून पाण्याला औषधाचा वास येतच नव्हता, असं ती म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.

ते खरंच होतं. यादोरावला स्वतःला वास कळत नसे. तीन वर्षांपूर्वीच्या तापात नाकातून जो वास गेला, तो परत आलाच नव्हता. पण नळावरच्या बायकांनी त्याला सांगितलं होतं, यादोभाऊ, यंदा पाणी गोड लागून राहिलं, वास नाही. आपलं माप आता बरोबर बसलं, असं वाटून तो खूश झाला होता. चार-सहा जणांना त्याने ते सांगितलंही होतं. आज तीच गोष्ट त्याच्यावर उलटली.

“मी एकही दिवस चुकलो नाई,” तो एवढंच म्हणाला.

टाकीची चावी त्याच्याकडून काढून पंचायतीचा शिपाई ओमेश याच्याकडे दिली गेली. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायचं ठरलं.

चिंचेच्या झाडाजवळ त्याने छोटेलालला गाठलं.

“तू रोज पाहत होता. काऊन नाई सांगतलं?”

छोटेलाल थांबला. “पाहत होतो ना. तू उतरून म्हणे, झालं. तुह्या त्या सबदावर मी आचलले नळाचं पाणी पाजलो.”

आणि तो निघून गेला.

घरी सुशिलाबाईने भात वाढला. यादोराव ताटापुढे नुसता बसून राहिला. सगळं गाव फिरलं, छोटेलालसुद्धा फिरला. एक ही तेवढी उरली, असं त्याच्या मनात आलं. गेल्या वर्षी त्याची छाती भरून यायची, खोकता खोकता रक्त पडायचं. गोंदियाच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, पावडर सोडा, नाहीतर वर्ष काढणार नाही. त्याने ऐकलं नाही; मग गावाला पाणी कोण देणार? सुशिलाबाई आधी रडली, भांडली. मग तिने आपण होऊन पावडर मोजायचं काम अंगावर घेतलं. दर रविवारी गोणीतून ती आठवड्याची पावडर आणायची, सात दिवसांच्या सात पुड्या बांधून फळीवर ठेवायची. त्याचा गोणीत हात जायला नको. पावसाळा सरता सरता त्याचा खोकला खरंच बसला होता.

“जाऊ द्या आता,” ती म्हणाली. “सालेकस्याले गुंजनकडे राहू चार दिवस. लेक बोलावून राहिली कधीची.”

“माह्यावर छोटेलालच्या नातीचा जीव घेतल्याचा आळ आहे. कुठं जाऊ?”

तो उठला. साथ आल्यावर टाकी बंद झाली, त्या आठवड्याच्या दोन पुड्या फळीवर तशाच होत्या. त्या त्याने पिशवीत टाकल्या. उद्याच्या पहिल्या बसने गोंदियाला जायचं, प्रयोगशाळेत द्यायच्या, तो म्हणाला. रोज माझ्या हातून टाकीत काय पडत होतं, ते सरकारी कागदावर येऊ दे. तो कागद आधी छोटेलालला दाखवायचा, मग बाकी गावाला. बोलता बोलता त्याला पहिल्यांदाच हुशारी वाटली.

सुशिलाबाईने पिशवीचा बंद धरला.

“नोका नेऊ.”

“कायले?”

त्याने पिशवी ओढली, तिने सोडली नाही.

“तुमी पावडर सोडत नोयते,” ती म्हणाली, “आन मले तुमी पायजे होते. पोळ्यापासून मी पुड्यांत चुना बांधून राहिली.”