फाफड्याचं जेवण

“बेन, आ काचुं मांस आजथी बंध,” डॉक्टरबाई गुजरातीत म्हणाल्या. स्नेहलताबाईंचा चेहरा पाहून त्यांनी तेच पुन्हा सावकाश समजावून सांगितलं. काल तपासायला दिलेल्या रक्तावरून सगळं स्पष्ट होतं. फाफड्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. कच्चं मांस, त्यातली चरबी त्याला सोसत नव्हती. आता मऊ भात आणि उकडलेलं थोडं चिकन, बाकी काही नाही. हे ऐकलं नाही, तर कुत्रा हातचा जाईल.

कारेलीबागेतल्या त्या दवाखान्याबाहेर स्नेहलताबाई स्कूटरची किल्ली मुठीत धरून उभ्याच राहिल्या. कुत्र्याची काळजी त्यांना वाटत नव्हती असं नाही. त्यांच्या यजमानांनी, विश्रामरावांनी, हौसेने आणलेलं, लांबुळकं, पिवळट पिल्लू होतं ते, म्हणून तर नाव फाफडा. पण डोळ्यांसमोर येत होता तो मुलगा, पीयूष.

दोन वर्षांपूर्वी पीयूष वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून घरी येत होता. रस्त्यात गाय आडवी आली आणि गाडी घसरली. पीयूषचा हात मोडला. विश्रामराव जागच्या जागी गेले. त्याला कुणी एका शब्दाने दोष दिला नाही. सगळ्यांनी समजावून पाहिलं. त्याचं आपलं एकच, “गाडी माझ्या हातात होती.” हात सांधला गेला, पण नोकरी सुटली. मित्रांचे फोन वाजून वाजून थांबले. सुभानपुऱ्यातल्या त्या फ्लॅटमधली एक खोली दिवसभर बंद राहू लागली.

मग कुठलेतरी व्हिडिओ पाहून एक दिवस तो आपणहून स्वयंपाकघरात आला. “आई, कलेजी कुठे मिळेल गं? कुत्र्याला खरं म्हणजे कच्चंच द्यायला हवं.”

ज्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, तिथे स्नेहलताबाई कलेजी आणि कोंबडीच्या माना आणू लागल्या. सगळी सोसायटी शाकाहारी, म्हणून डब्यात डबा घालून. ओट्याचं एक टोक त्यांनी त्याला देऊन टाकलं. पहिल्यांदा त्यावरून रक्त ओघळलं तेव्हा त्या मोरीत जाऊन ओकल्या, चूळ भरली आणि परत येऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. कारण पीयूष भोपळा किसत होता आणि बोलत होता. कुत्र्याशी का होईना, बोलत होता. “थांब रे अधाशा, तुझंच आहे.” एकदा तर तो हसलासुद्धा होता.

रोज तेवढाच वेळ तो खोलीबाहेर यायचा. मांस स्वतः कापायचा, कालवायचा आणि फाफड्याने वाडगा चाटूनपुसून संपवेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहायचा. त्यात कुणाला काही बदल करायला वावच नव्हता.

आणि आता घरी जाऊन त्याला काय सांगायचं? की बाबा रे, याही वेळी तुझ्याच हातून झालं?

स्कूटर चालवताना त्यांनी ठरवलं. सिग्नलला थांबल्यावर त्या ठरवण्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. मुका जीव तो, काय चाललंय ते त्याला कळणारही नाही. पण दोघांपैकी एकच वाचणार असेल, तर आई दुसरं काय करणार? हिरवा दिवा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला आणि त्या निघाल्या.

पीयूष ओट्यापाशी पाठमोरा उभा होता. समोर मांसाची पिशवी होती. फाफडा त्याच्या पायांशी पडून होता; दार वाजलं तरी त्याने मान उचलली नाही.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“काही नाही रे. थोडी उष्णता झालीय. होईल बरा.”

“आणि खाण्याचं?”

“आहे तेच चालू दे म्हणाल्या. काही बदलायचं नाही.”

पीयूष वळला. त्याचे डोळे लाल होते. त्याने मांसाची पिशवी उचलली, तिला गाठ मारली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग गॅसवरच्या कुकरचं झाकण काढलं. आत मऊ, पांढरा भात होता.

“तू गेलीस आणि मला राहवेना,” तो म्हणाला. “मीच दवाखान्यात फोन लावला. तू नुकतीच निघाली होतीस तिथून.”

दोन वर्षांत त्याने कुणाला फोन केला नव्हता. क्षणभर स्नेहलताबाईंना तेवढंच ऐकू आलं आणि त्यांचा जीव हरखला. मग बाकीचं समजलं.

“रडलो जरासा,” पीयूष म्हणाला. “मग तोंड धुतलं, भात लावला. म्हटलं, आई आली की तिला सांगू, मीच त्याला बरा करतो.”

“अरे, तुला त्रास होईल म्हणून मी...”

“माहीत आहे.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. त्याने वाडग्यात भात वाढला, फुंकर घालून निववला आणि वाडगा त्यांच्या हातात दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला होता. खोलीच्या दारापाशी तो थांबला.

“मला वाटायचं,” तो म्हणाला, “मी यातून उठेन, असं निदान तुला तरी वाटतं.”