सुपातले वीस खडे

सुपात वीस खडे होते. तृप्तीने ते ओढ्यातून वेचले होते, दोनदा मोजले होते आणि स्वतःच्या हाताने तांदळात मिसळले होते. हरसूलजवळच्या त्या पाड्यावर सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता आणि दिवा मुद्दाम लावलेला नव्हता. तेवढ्या उजेडात अक्काबाईने सतरा खडे काढून दाखवले. तेच वीस खडे पुन्हा मिसळले, तेव्हा तिच्या सुनेला, लताबाईला, तीनच सापडले.

"सोंगं," अक्काबाई म्हणाली. शेजारची नवसाबाई तोंडाला पदर लावून हसली.

लताबाईला सहावा महिना होता. दिवसा ती दोघींचं काम उरकी. दिवस कलला की मात्र तिच्या पायाला हंडा लागे, कोंबडी लागे. एकदा नागलीची पेज भांड्यासकट चुलीत गेली होती. सून कामचुकार आहे, असा घरात निकाल लागला होता. नवरा मल्हारी निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेला होता. शिमग्याला तो आला की तिला माहेरी पोचवायचं, परत आणायचं की नाही ते मागाहून बघायचं, असं ठरलं होतं.

तृप्ती नाशिकची. विज्ञानाची पदवी घेऊन वर्ष झालं होतं आणि एका संस्थेच्या आहार पाहणीसाठी ती पाडे फिरत होती. हा रातांधळेपणा आहे, तिने सांगितलं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की अंधुक उजेडात डोळा काम करत नाही, आणि पोटातलं मूल आईच्या वाट्यातलंच घेतं. गरोदर बाईला त्या जीवनसत्त्वाच्या औषधाचा मोठा डोस देत नाहीत. फळातून मिळालेलं चालतं. घरामागे पपईची दोन झाडं होती. तिने फळं मोजली. एकतीस. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रोज चार फोडी पुरेत, असं ती म्हणाली.

नवसाबाईचं हसू तिथेच थांबलं. पोटुशीला पपई दिली की पोर राहत नाही, हे पाड्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कच्च्या पपईत चीक असतो, तिला हात लावायचाच नाही, पिकलेलीची गोष्ट वेगळी, असं तृप्तीने परोपरीने सांगितलं. अक्काबाई झाडाकडे बघत ऐकत राहिली.

"तू जाशील यष्टीत बसून," ती शेवटी म्हणाली. "काय इपरीत झालं, त पाडा माझ्या तोंडात शेण घालील."

आठ आठवड्यांनी, शिमग्याच्या दोन दिवस आधी, तृप्ती परत आली. नवसाबाई आधीच ओट्यावर येऊन बसली होती. लताबाईचं पोट चांगलंच पुढे आलं होतं. ती धुणं वाळत घालत होती. झाडांवर सहा फळं उरली होती. बाकीची कुठे गेली, असं तृप्तीने विचारलं.

"माकडांनी नेली," अक्काबाई म्हणाली. "यंदा लय माकडं."

"आमच्याकडं नाय आली ती," नवसाबाई म्हणाली.

अक्काबाईने तिकडे लक्ष दिलं नाही. सुनेला एकही फोड दिली नाही, हे तिने ओट्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. पाहणीत घरचे सांगतील तेच लिहायचं असा नियम होता. तृप्तीने लिहून घेतलं. गोठ्यात शेळीपुढे टोपली होती. तिच्यात पिवळी सालं होती, लांब, पातळ, विळीने सोलल्यासारखी. तृप्तीची नजर तिकडे गेलेली पाहून अक्काबाईने पायानेच टोपली शेळीखाली सारली.

"खडे टाक ना सुपात," ती म्हणाली. "उजेड चालला."

खडे मोजून टाकले. सूप लताबाईपुढे ठेवलं. ती निवडत होती आणि अक्काबाई शेजारी बसून बोटांच्या पेरांवर मोजत होती. काळोख पडला. मग दिवा लागला आणि तृप्तीने वहीतली ओळ पुरी केली.

पपई: शून्य. खडे: वीसपैकी एकोणीस.