वाटणीची धाप

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी शिंप्याला हृदयविकाराचा झटका आला. हृदय निम्मंच चालतंय, आता पायाने मशीन मारायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग बायको शेजारी बसून मशीनचं चाक हाताने फिरवू लागली आणि तो नुसतं कापड सरकवू लागला.

"दोघांत मिळून एक शिंपी," तो गिऱ्हाइकांना सांगे.

एकदा त्याने विचारलं, "अगं, झटका मला आला, मग धाप तुला कशी लागते?"

"तुमच्या वाटणीची लागते हो. तुम्ही शिलाई वाकडी करू नका."

तो पोट धरून हसला. तपासणीला तो तिच्याच खांद्यावर हात टाकून जाई. डॉक्टर त्याला आत तपासत, ती बाहेर बाकावर छाती चोळत बसे.

पहिला नातू झाला त्या वर्षी शिंप्याची बायको गेली, पहिल्याच झटक्यात.