दर दोन तासांनी

"रोज तीन गोष्टी लिहायच्या," भाऊ म्हणाला आणि त्याने एक जाड वही ताईच्या मांडीवर ठेवली. "आज आपल्याला काय चांगलं मिळालं, त्या तीन गोष्टी. मग पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. माणूस बदलतो, ताई. मी बदललो ना!"

ताईने वही डोळ्यांजवळ नेली. वरचं चित्र फुलाचं की सूर्याचं, ते तिला कळेना. उजव्या डोळ्यापुढे धुकं होतंच. वर्षभरात डावाही त्याच वाटेला लागला होता.

"वही छान आहे," ती म्हणाली. "माझ्या डोळ्याचं काय ठरवलंस?"

इस्पितळाने सोमवारची तारीख दिली होती. आज दुपारी बारापर्यंत होकार कळवला नाही, तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. याआधी दोनदा ताईने नाही म्हणून कळवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि आतल्या खोलीत नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. नाही वळवलं तर पाठीला जखमा होत. सकाळी अंग पुसायला एक बाई येई, ती एकदा वळवून जाई. दिवसरात्रीतल्या उरलेल्या अकरा खेपा ताईच्या.

"सोमवारी कसं जमणार गं? रविवारपासून माझं शिबिर आहे. चार महिने आधी नाव घातलंय. दहा दिवस मौन."

"नुसतं गप्प बसायला चार महिने आधी नाव घालावं लागतं?"

"चेष्टा नको करूस. फोन नाही, बोलणं नाही. ज्यांनी आपल्यासाठी केलं त्यांना आठवायचं, मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचे."

"आणि जेवण?"

"वेळेवर ताट समोर येतं."

"कोणी हाक मारत नाही?"

"कोणीच नाही. स्वर्ग आहे गं!"

ताईला त्याबद्दल शंका नव्हती.

"मी आठच दिवस मागतेय, भाऊ."

"एखादी दिवसरात्रीची बाई ठेवू की."

"तिघी ठेवून झाल्या. तिसरीच्या मनगटाला आई चावली. आता आपल्या घराचं नाव काढलं तरी बायका रस्ता बदलतात." ताईने आवाज खाली आणला. "परवा रक्तदाबाची समजून मी तिला झोपेची गोळी दिली. सकाळी सकाळी. पाकिटावरचं वाचताच येत नाही मला. दुपारपर्यंत हलवत होते, डोळे उघडेना."

"पण उठली ना शेवटी?"

"उठली."

"हेच! हेच लिही ना!" भाऊ पुढे सरकला. "आई उठली, ही पहिली गोष्ट. या वयात आपल्या डोक्यावर आई आहे, ही दुसरी. आणि तुला तिची सेवा करायला मिळते, ही तिसरी. आम्हाला कुठे मिळते?"

"मिळत नाही?" ताईने आतल्या दाराकडे बोट केलं. "कुणी अडवलंय तुला? ती खोली. दाराला कडी नाही."

तेवढ्यात अकरा वाजले आणि आतून आईची हाक आली. "अगं ए! वळव की! कुठे उलथलीस?"

भावाने ताईकडे पाहिलं. नेहमी पाहायचा तसंच. ताईने वही टेबलावर ठेवली, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले.

"ताई, आई बोलावतेय."

"ऐकलं."

"अगं, मग?"

"माझी पाच मिनिटं चालू आहेत."

हाक पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. दारातून भावाने विचारलं, "कसं करायचं असतं ते?"

"तिच्या अंगाखाली आडवी चादर आहे, तिची कड धर," ताई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "हाताला धरून ओढायचं नाही, निखळेल. चादरीने ओढ. पाठीशी लोड लाव, गुडघ्यांमध्ये उशी घाल. टाचा बघ, लाल नाहीत ना."

खाट करकरली. भाऊ धापा टाकू लागला. मग आईचा आवाज आला, आणि तो ताईने फार वर्षांत ऐकला नव्हता. मऊ, ओला.

"राजा, तू? किती करतोस रे माझं! तू आहेस म्हणून मी आहे. नाहीतर या घरात मला विचारतंय कोण?"

ताईने डोळे उघडले. नऊ वर्षांत तिच्या वाट्याला 'पाणी', 'वळव' आणि 'कुठे उलथलीस' एवढंच आलं होतं.

भाऊ बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत पाणी. "ऐकलंस ना, ताई? मला तर भरूनच आलं." त्याने टेबलावरची वही ओढली, पहिलं पान उघडलं, खिशातलं पेन काढलं. "आत्ताच लिहून ठेवतो. असं काही विसरायचं नसतं."

ताईने त्याला लिहू दिलं. मग फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर बोटांनी चाचपत फिरवला.

"हो, सोमवारी येते मी. नक्की."

पलीकडच्या मुलीचा आवाज खणखणीत होता, खोलीभर ऐकू येत होता. "पण तुमच्या कागदावर लिहिलंय, आईला तुम्हीच उचलता. आठ दिवस ते चालणार नाही हं. घरी दुसरं कुणी आहे का करणारं?"

भावाचं पेन थांबलं.

"आहे ना, माझा भाऊ," ताई म्हणाली. "आईचं सगळं तोच करतो. हवं तर आईलाच विचारा."